दुसऱ्याचा रुमाल

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं पाहिली की माझं डोकं फिरायचं. सीट काय तुमच्या तीर्थरूपांनी आंदण दिली आहे का, असं तोंडावर विचारून मी निदान चार वेळा भांडलो आहे. आणि दैव असं, की ऐन पन्नाशीत माझी अख्खी नोकरी रुमालांवर चालू लागली.

गोष्ट पंच्याण्णव सालच्या मे महिन्यातली. परदेशी मालाला दारं उघडून तीन-चार वर्षं झाली होती. टीव्हीचे सुटे भाग, कॉम्प्रेसर, औषधांची यंत्रं, काय काय यायचं आणि आमच्या कारखान्यांतून काय काय बाहेर जायचं. सिकंदराबादजवळच्या कुकटपल्लीच्या पुढे, कारखाने संपून माळ सुरू होतो तिथं एका खाजगी कंपनीनं कंटेनरचं टर्मिनल काढलं आणि मी, नरहर बोधनकर, तिथला यार्ड सुपरवायझर झालो. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी चाकरी. मी खाजगीत गेलो तेव्हा जामबागेतले शेजारी भेटायला आले ते समाचाराला आल्यासारखे. माझी बायको प्रमिला तिथल्याच शाळेत शिकवायची. ती म्हणाली, "अहो, जा बिनधास्त. तिथं तरी तुमचं कोणी ऐकेल."

आता यार्डाचं गणित सांगतो. ट्रेलर म्हणजे मागचा लांब चाकांचा सांगाडा, ज्यावर कंटेनर बसतो. ते कंपनीचे, मोजून चाळीस. पुढचं इंजिनाचं डोकं ड्रायव्हरचं किंवा त्याच्या मालकाचं. त्याला सगळे घोडा म्हणत. घोडे साठ-पासष्ट. म्हणजे रोज वीस-पंचवीस घोडे ट्रेलरविना बाहेर रस्त्यावर ताटकळत राहणार, हे ठरलेलं. रिकामे झालेले ट्रेलर रात्रीतून परत यायचे, रांगेत लागायचे आणि सकाळी सातला फाटक उघडलं की ड्रायव्हर लोक लुंग्या खोचून धावत सुटायचे. ट्रेलरच्या पुढच्या बाजूला दोन लोखंडी पाय असतात आणि ते वरखाली करायला एक दांडा असतो. त्या दांड्याला ज्यानं आधी आपला रुमाल बांधला, ट्रेलर त्याचा. रुमाल म्हणजे मालक घोडा आणायला गेलाय, येईल, जोडेल, नेईल. मग तो तासाभरानं येवो नाही तर दुपारी, दुसरा कोणी त्याला हात लावत नसे.

पहिल्या आठवड्यात मी हे बंद करायला निघालो होतो. टोकन छापून घेतले, रांगेच्या पाट्या लावल्या. तीन दिवसांत टोकनवरून डोकी फुटायची वेळ आली. रुमालावरून भांडण असं एकदाच झालं, तेही मुकाट्यानं. बालानगरच्या एका ड्रायव्हरनं घाईत खाजामियाँचा रुमाल सोडून ट्रेलर नेला. खाजामियाँ म्हणजे आमच्या ड्रायव्हरांतला सर्वांत जुना, दाढी मेंदीनं रंगवलेला माणूस. पुढच्या खेपेला त्या बालानगरवाल्याला ट्रेलर मिळाला तेव्हा खाजामियाँ शांतपणे गेला, त्याचा रुमाल सोडून त्याच्या हातात दिला आणि आपला बांधला. तो माणूस मान खाली घालून बाजूला झाला. दुसऱ्याचा रुमाल सोडून गाडी जोडलीस, तर पुढे तुझ्या हाती जे येईल ते त्याचं. असा त्यांचा कायदा. मी टोकन रद्दीत घातले आणि रुमाल बघून रजिस्टर लिहू लागलो.

या गर्दीत उमाजी नावाचा एक होता. नळदुर्गचा. अंगानं थोराड, पण धावण्यात ढ. फाटकात कोणाचा धक्का लागला तर हाच "माफ करा" म्हणायचा. तोवर पुढचे रुमाल बांधून मोकळे. मला तो फार आवडायचा आणि म्हणूनच मी त्याच्यावर सर्वांत जास्त खेकसायचो. त्या मे महिन्यात त्याची बायको मीना तिसऱ्यांदा अवघडलेली होती. आधीची दोन्ही लेकरं आठवडाभरसुद्धा जगली नव्हती. दोन्ही वेळेला हा गाडीवर, एकदा विजयवाड्यात, एकदा नागपुरात. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सोमवारची तारीख दिली होती. न्हावाशेवा बंदराची खेप मिळाली की नळदुर्ग वाटेवरच. एक रिकामा ट्रेलर मिळाला की हा त्याच संध्याकाळी घरी.

"साहेब, आज बी गावला न्हाई," तो रोज सकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन सांगायचा. तक्रार नसायची त्यात.

"धावायला काय होतं तुला? पाय भाड्यानं दिलेत का?"

"उद्या धावतो साहेब."

त्याच आठवड्यात, मंगळवारी, एकतीस नंबरच्या ट्रेलरवर तो रुमाल दिसला.

एकतीस रांगेच्या शेवटी, मागच्या भिंतीलगत उभा होता. मी पावणेसातला यार्डात फेरी मारायचो, फाटक उघडायच्या आधी. त्या वेळेला एकाही ट्रेलरवर रुमाल असायचं कारण नाही. पण एकतीसच्या दांड्याला होता. पांढरा, पातळ, धुऊन पिळलेला. गाठ साधीच, पण नीट बसवलेली. आमच्या लोकांसारखी घाईनं आवळलेली नाही. मी हात लावून पाहिला. ओला होता.

आता मे महिना, कुकटपल्लीत नळाला दिवसाआड पाणी, यार्डाचा हौद कोरडाठाक. सकाळी सातला पत्र्याला हात लावला तर चटका बसावा असं ऊन. म्हटलं, कोणीतरी भिंतीवरून उडी मारून आलाय. चौकीदार प्रतापरावांना बोलावलं. ते पलटणीतून निवृत्त झालेले, खोटं बोलायचं म्हटलं तरी जमायचं नाही. "साहेब, रात्रभर दोन चकरा तासाला. मांजर आलं नाही," म्हणाले. भिंतीवर काचा लावलेल्या होत्या. मी स्वतः वर चढून पाहिलं, काचांवरची धूळ जशीच्या तशी.

फाटक उघडलं. लोक धावले. एकतीसपाशी पहिला पोचलेला ड्रायव्हर रुमाल बघून क्षणभर थांबला आणि दुसऱ्या ट्रेलरकडे वळला. त्याच्या मागचाही तसाच. रुमाल कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत मालक आला नाही. पाचला मी तो सोडून माझ्या टेबलाच्या खणात टाकला. दिवसभर उन्हात राहूनही तो ओलाच होता, आणि त्याला तांदळाच्या पेजेचा मंद वास येत होता.

बुधवारी पुन्हा रुमाल. तसाच, तिथंच. गुरुवारी पुन्हा.

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मी तिन्ही रुमाल टेबलावर पसरले, फूटपट्टीनं मोजले. तिन्ही सारख्या मापाचे, हातानं शिवलेल्या कडा. खणात ठेवलेला पहिला दोन दिवसांनंतरही वाळला नव्हता. त्याच्याखाली ठेवलेल्या वहीचा कोपरा फुगला होता. एकेका ड्रायव्हरला बोलावून दाखवले. सगळ्यांनी लांबूनच माना हलवल्या. "आपला न्हाई साहेब." कोणी घाबरलेलं दिसलं नाही. उलट, दुसऱ्याची वस्तू मी हाताळतोय म्हणून त्यांनाच संकोच वाटत होता.

घरी प्रमिलेला सांगितलं. ती वह्या तपासत होती. म्हणाली, "कोणाला तरी गाडी हवी असेल."

"मग घेऊन जावी की! फाटक उघडं आहे."

"त्याचा घोडा अजून आला नसेल," ती म्हणाली आणि पुढची वही घेतली. थट्टाच करत होती. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सिकंदराबादच्या ऑफिसातून साहेबांचा फोन. चार दिवस एक ट्रेलर उभा का? मी काय सांगणार? रुमाल आहे म्हणून? काहीतरी ब्रेकचं सांगितलं आणि स्वतःचीच लाज वाटली. तीस वर्षांत मी नोकरीत खोटं बोललो नव्हतो.

शनिवारी त्याहून वाईट झालं. फक्त अकरा ट्रेलर परत आले होते. उमाजी खरंच धावला, बिचारा. पडला, गुडघा फुटला, उठून पुन्हा धावला. अकराही गेले. उरला एकतीस, पांढऱ्या ओल्या रुमालासकट. उमाजी माझ्या दारात आला तेव्हा लुंगीवर रक्त होतं.

माझा पारा चढला. उमाजीवर नाही, त्या फडक्यावर. मी त्याच्या दंडाला धरून सरळ एकतीसपाशी नेलं. चारपाच ड्रायव्हर मागोमाग आले. खाजामियाँ पुढे झाला.

"साब, खोलना नक्को. जिसका है, उसकू आने दो."

"कोणाचा आहे? पाच दिवस झाले. नाव सांग त्याचं, आत्ता रजिस्टरात लिहितो."

"नाम मेरेकू भी नै मालूम, साब. पन रुमाल तो है ना."

"उमाजी, तू घेऊन जा ही गाडी."

उमाजीनं रुमालाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "दुसऱ्याचा हाय साहेब."

आणि मग मी ते बोललो. अजून रात्री आठवलं की कानशिलं तापतात. म्हणालो, "बायकोला काय सांगशील? तिसऱ्या खेपेलाही आलो नाही, का, तर एका फडक्याला भ्यालो?"

त्याचा चेहरा उतरला. त्यानं फुटलेल्या गुडघ्यावरचं रक्त लुंगीनं पुसलं. "तुमी सोडा साहेब," शेवटी म्हणाला. "मी हात लावायचा न्हाई."

"सोडतो की! माझे हात काय झिजणार आहेत?"

एका ओढीत गाठ सुटली. मी रुमाल खिशात कोंबला. उमाजीनं घोडा आणला, जोडला. वजनकाट्यावर घेतला, रिकाम्या गाडीचं वजन बरोबर. कंटेनर चढला, औषधाच्या पिंपांचा. कागदावर मी ठळक अक्षरात उमाजीचं नाव घातलं. नळदुर्गला दोन दिवस थांबायची परवानगीही माझ्याच सहीनं लिहून दिली. साडेदहाला तो पटनचेरूच्या दिशेनं निघून गेला. जाताना हात हलवला. हसत होता, लेकरासारखा.

खाजामियाँ फाटकापाशी उभा होता. मी मुद्दाम त्याच्या समोरून गेलो. "काय मियाँ, झालं काही?"

"अल्ला खैर करे," एवढंच म्हणाला.

खोलीत येऊन मी खिशातला रुमाल खणात टाकायला गेलो. खणातले आधीचे चारही रुमाल खडखडीत वाळले होते. खिशातला काढला, तोही. सकाळी सोडला तेव्हा पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. मी पाचही रुमाल कचऱ्यात टाकले आणि वर वर्तमानपत्र टाकलं.

रविवारी मुद्दाम ड्यूटी लावून घेतली. दुपारी नळदुर्गच्या एसटीडी बूथवरून फोन आला. "साहेब, पोरगा! पहाटं झाला. आई म्हनती, लई रडतोय. रडतोय साहेब!" आधीची दोन्ही लेकरं रडलीच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून चक्क डोळे पुसले. मग पाच किलो जिलेबी आणवून अख्ख्या यार्डात वाटली. खाजामियाँच्या हातावर स्वतः ठेवली.

"बघा. उमाजी पोचला, पोरगा झाला, बाळ-बाळंतीण खुशाल. तुमचा तो रुमालवाला काही आला नाही."

त्यानं जिलेबी खाल्ली नाही, पण टाकलीही नाही. कागदात बांधून घेतली.

एकतीसच्या जागेवर नंतर कधी रुमाल दिसला नाही. तो ट्रेलर उमाजीनं न्हावाशेव्याच्या यार्डात सोडला आणि तो तिकडेच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला गेला. मी हे सगळं विसरायला तयार होतो. दिवस बाराव्याला बारसं होतं, उमाजीनं फोनवर तीन वेळा बजावलं होतं. प्रमिला बेगम बाजारातून डिंक, खारीक, खोबरं घेऊन आली, झबलं-टोपडं तिनं स्वतः शिवलं. गुरुवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो आणि दुपारी नळदुर्गला उतरलो.

उमाजीचं घर किल्ल्याच्या बाजूला, दोन खोल्यांचं, वर पत्रा. पुढच्या खोलीत बायकाच बायका. उमाजीची आई सावित्रीबाई लगबगीनं पुढं आली, प्रमिलेला कुंकू लावलं, मला पाट दिला. मीना कोपऱ्यात बसली होती, थकलेली पण तोंडावर हसू मावत नव्हतं. मांडीवर पोरगा. गुटगुटीत, काळेभोर जावळ. प्रमिलेनं त्याला घेतलं आणि मला दाखवलं. असं लेकरू, की बघतच राहावं.

"उमाजी कुठाय?" मी विचारलं.

"हितंच हाय," सावित्रीबाई म्हणाली. "सकाळधरनं बोलंना झालाय. जागरनं झाली असतील."

तो मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसला होता. मला बघून उठला, वाकून नमस्कार केला, पण नजर दिली नाही. मी त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, तेवढ्यात सावित्रीबाईचं वाक्य कानावर आलं. ती प्रमिलेला विचारत होती,

"बाई, ह्यो रुमाल तुमच्या साहेबांच्या लोकांनी बांधला का? तुमच्यात असती का तशी रीत?"

मी वळलो.

पाळणा लाकडी होता, शेजाऱ्यांकडून आणलेला, आढ्याला दोरानं टांगलेला. झेंडूची माळ लावली होती. डोक्याकडच्या दांडीला रुमाल बांधला होता. पांढरा, पातळ. साधी गाठ, नीट बसवलेली.

खालच्या सारवलेल्या जमिनीवर थेंब पडून रुपयाएवढा ओला डाग झाला होता.

"सकाळी पाळना टांगला," उमाजी माझ्या मागं हळू आवाजात म्हणाला. "माळ आनाया वळलो. माळ घिऊन आलो तर ह्यो."

"कोणी आलं होतं?"

"न्हाई."

प्रमिला पाळण्यापाशी गेली. "अगंबाई, ओला आहे की हा. लेकराला गारठा लागेल," असं म्हणत तिनं गाठीला हात घातला.

"हात लावू नकोस!"

मी ओरडलो. परक्या घरात, भर बायकांत, बायकोवर. प्रमिलेनं हात मागे घेतला. तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर असा कधी ओरडलो नव्हतो.

उमाजी पुढे आला. माझ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, तवा सोडला तुमी. पन गाडी जोडली म्या," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आता तुमी म्हनाल तसं. सोडा म्हनलात तर सोडतो."

मी तोंड उघडलं. सोड, असं म्हणायचं होतं. फडकं आहे, सोड, फेकून दे. यार्डात सगळ्यांदेखत म्हणालो होतो तसंच. मग मनात आलं, हाही सोडला, तर पुढं उमाजीच्या हाती काय येईल?

मला भीती वाटली.

"नको," मी म्हणालो.

उमाजीनं मान हलवली, त्याला हेच ठाऊक असल्यासारखी. मीना एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला काही कळलं नव्हतं आणि तिला सांगायचं धाडस आम्हा दोघांत नव्हतं.

"चला गं, येळ चाललाय," सावित्रीबाई म्हणाली. बायकांनी लेकरू पाळण्याखालून वरून दिलं-घेतलं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं आणि पाळण्यात निजवलं. तो शांत होता. आत्या कानात नाव सांगायला वाकली.

"नाव नगं," उमाजी म्हणाला.

"आरं, म्हंजे?"

"नगं आक्का. नाव आपन न्हाई ठिवायचं."

आत्या हसली, तिला थट्टा वाटली. मग तिनं भावाचा चेहरा पाहिला आणि ती सरळ उभी राहिली. म्हाताऱ्या बायकांनी वेळ सावरायला पाळणा म्हणायला सुरुवात केली, दोरी हलू लागली. गाणं पुढं पुढं गेलं आणि जिथं बाळाचं नाव घ्यायचं असतं, तिथं येऊन थांबलं. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. खोलीत पत्रा तापल्याचा तेवढा आवाज येत होता.

त्या शांततेत पाळण्यातल्या बारा दिवसांच्या पोरानं डोळे उघडले, मान वळवली, आणि उघड्या दाराकडे बघून हुंकार दिला, हाक ऐकल्यासारखा.